वादळी आठवडा: पाणी, वारा, नद्यांची पातळी इथे नोंदवू या

पायरीवाला | सोमवार, सकाळी ७:१०

काल रात्रीपासून अंदाज तीनदा उघडून पाहिला, तिन्ही वेळा तेच. आज-उद्या सरी, बुधवार-गुरुवार मुसळधार, शुक्रवार-शनिवार पाऊस कमी पण वारा ताशी ५० ते ६०, झोत ९० किलोमीटरपर्यंत. आमचं घर नदीच्या वळणावर आहे. परसातून नदीकडे १४ पायऱ्या उतरतात, आज त्यातल्या ११ उघड्या आहेत. लहानपणापासून त्या मोजत आलोय, त्यामुळे मला मिलिमीटर फारसे कळत नाहीत, पायऱ्या कळतात.

रोज सकाळ-संध्याकाळ आकडा टाकेन. ज्यांच्याजवळ नदी, नाला, समुद्र जे काही असेल त्यांनी आपापली भर घालावी. भांडायला दुसरे धागे आहेत.

खवचट_काका | सोमवार, सकाळी ७:३२

आला का सालाबादचा धागा! मागच्या ऑरेंज अलर्टला मी खिडक्यांच्या काचांना चिकटपट्ट्या लावून बसलो होतो. दिवसभर लख्ख ऊन. पट्ट्यांचे डाग अजून निघालेले नाहीत. अंदाजाला दोनाने भागायचं, मग बरोबर येतो.

हवामानखुळा | सोमवार, सकाळी ८:१५

काका, पट्ट्या तशाही फुकट गेल्या असत्या. त्यांनी काच फुटायची थांबत नाही, फक्त तुकडे मोठे पडतात.

आता रंगांचं. ऑरेंज म्हणजे 'पडणारच' असं नसतं. किती शक्यता आहे आणि पडला तर किती नुकसान करेल, या दोन्हींचा मेळ घालून रंग ठरतो. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत रहा, लाल म्हणजे हातपाय हलवा. शक्यता १० त ६ असेल तर चार वेळा ऊन पडायलाच हवं. दहाच्या दहा वेळा पडला, तर उलट अंदाज चुकला म्हणायचा.

शिवाय तुमच्या डोक्यावर पडला नाही म्हणजे पडलाच नाही, असंही नाही. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिमी पाऊस नोंदला गेला. त्याच दिवशी त्याच शहरात कुलाब्याला ७५ मिमीसुद्धा नव्हता. कुलाब्यातल्या एखाद्या काकांनी त्या दिवशीही अंदाजाला दोनाने भागलं असेल.

चिखलपरी | सोमवार, सकाळी ९:०१

मिमीचं एकदा कुणी नीट सांगा ना. १०० मिमी म्हणजे चार इंच. चार इंच पाण्यात माझी चप्पलसुद्धा धड बुडत नाही, मग एवढा गहजब कशाला?

हवामानखुळा | सोमवार, सकाळी ९:२०

कारण ते पाणी पडलं तिथे उभं राहत नाही. १ मिमी म्हणजे दर चौरस मीटरला १ लिटर. १०० मिमी एका चौरस किलोमीटरवर पडला की झाले १० कोटी लिटर. नदीचं पाणलोट क्षेत्र शेकडो चौरस किलोमीटरचं असतं आणि ते सगळं एका अरुंद खोबणीतून जायला बघतं. तुझी चप्पल कुठे आहे त्यावर सगळं आहे. टेकडीवर ओली होईल, खोबणीच्या तोंडाशी सापडणारच नाही.

भारतीय हवामान विभागाच्या भाषेत २४ तासांत ६४.५ मिमीपासून पुढे 'मुसळधार', ११५.६ पासून 'अति मुसळधार' आणि २०४.४ च्या वर 'अत्यंत मुसळधार'. पण मी त्या आकड्याच्या आधी तास बघतो. शंभर मिमी दिवसभरात रिमझिमत आला तर जमीन बराचसा पिऊन टाकते. तोच दोन तासांत ओतला तर जमिनीला तोंड उघडायला वेळ मिळत नाही.

पायरीवाला | मंगळवार, संध्याकाळी ६:३०

१० उघड्या. पाणी गढूळ झालंय. सकाळपर्यंत हिरवट होतं, आता तांबूस. वरच्या अंगाला कुठेतरी जोर असणार.

वरच्या_अंगाला | मंगळवार, संध्याकाळी ७:०५

बरोबर ओळखलंत, मीच ते 'कुठेतरी'. धरणाच्या वर राहते. इथे दुपारपासून संततधार आहे आणि जमिनीची पिण्याची ताकद संपलीय. अंगणात टाच दाबली की खळग्यात पाणी वर येतं. आता पडेल तो प्रत्येक थेंब खालीच जाणार. संध्याकाळी धरणाचे दोन दरवाजे उचलले, नदीत १२ हजार क्युसेक सोडताहेत.

हवामानखुळा | मंगळवार, संध्याकाळी ७:२२

ही टाचेची परीक्षा मोलाची आहे. इंग्लंडमध्ये लिनमथला ऑगस्ट १९५२ मध्ये असंच झालं. डोंगराळ माळरान आधीच भिजून तृप्त झालेलं, त्यावर २४ तासांत सुमारे २२९ मिमी कोसळला. रात्रीतून ओढे दगडगोटे घेऊन गावात शिरले, ३४ माणसं गेली.

क्युसेक ज्यांना परका वाटतो त्यांच्यासाठी: १ क्युसेक म्हणजे सेकंदाला २८ लिटरच्या थोडं वर. १२ हजार म्हणजे दर सेकंदाला साधारण ३ लाख ४० हजार लिटर.

खवचट_काका | मंगळवार, रात्री ८:१०

म्हणजे पाऊस निमित्तमात्र, पूर आणतात हे धरणवाले. पाऊस येणार हे ठाऊक होतं तर आठवडाभर आधीच रिकामं करायला काय झालं होतं?

वरच्या_अंगाला | मंगळवार, रात्री ८:४०

काका, रिकामं करून पाऊस तुमच्या त्या 'भागिले दोन'ने आला, तर उन्हाळ्यात नळाला काय येईल? पूर अडवायचा तर भांडं रिकामं हवं, वर्षभर पाणी पुरवायचं तर भरलेलं हवं, आणि भांडं एकच. कोणत्या तारखेला कितपत भरू द्यायचं याचं वेळापत्रक असतं, त्यावरूनही दरवर्षी वाद होतात. कधीकधी उशीर होतो हे मलाही मान्य आहे. पण दरवाजे उघडले म्हणून पूर आला, हे दरवेळी खरं नसतं. धरण नसतं तर आजचं पाणी दुपारीच तुमच्याकडे निघालं असतं.

फेजन्यूट्रल | बुधवार, सकाळी ११:१५

माझा धंदाच विजेचा, म्हणून आगाऊपणा करतो. पाणी परसात असतानाच मेन स्विच बंद करा. उंबरा ओलांडल्यावर नाही. ओल्या पायांनी, ओल्या हातांनी बोर्डाकडे जायचंच नाही. तेवढी वेळ आलीच तर बोर्ड तसाच सोडा आणि बाहेर पडा, वीजपुरवठा बाहेरून बंद करायला फोन करा. इन्व्हर्टर लोक हमखास विसरतात. मेन बंद केला तरी तो घरात वीज देत राहतो, त्याचा स्विच वेगळा काढावा लागतो. फ्रिज विटांवर चढवून 'झालं' म्हणणाऱ्यांचे भिंतीतले खालचे सॉकेट पाण्याखाली चालू असलेले मी डोळ्यांनी पाहिलेत.

जनरेटर असेल तर तो घराबाहेर, खिडक्यांपासून लांब. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. माणूस झोपेतच जातो.

सदा_जागी | बुधवार, दुपारी १:४०

वरच्याला अनुमोदन. माझी भर: तळमजल्यावरच्या संडासाच्या भांड्यात प्लास्टिकच्या पिशवीत वाळू भरून ती पिशवी दाबून बसवा, मोरीच्या जाळीवरही एक ठेवा. आमच्याकडे पाणी दारातून आलंच नाही. दाराला पोत्यांची भिंत रचून आम्ही पहारा देत बसलो होतो आणि मागे मोरीतून घर भरत होतं. पोती माझीच कल्पना होती, त्यामुळे तो विषय घरात अजून निघतो.

पायरीवाला | बुधवार, संध्याकाळी ६:४५

८ उघड्या. पलीकडच्या काठावरची झुडपं कमरेपर्यंत पाण्यात आहेत.

चिखलपरी | बुधवार, रात्री ९:३०

आमच्या इमारतीत एकजण छातीठोकपणे सांगतोय, 'शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर तीन वर्षांपूर्वी येऊन गेला, आता ९७ वर्षं निवांत.' त्याला काय उत्तर देऊ?

हवामानखुळा | बुधवार, रात्री ९:५२

त्याला म्हणावं, फासा मागच्या वेळी काय पडला ते लक्षात ठेवत नाही. 'शंभर वर्षांतून एकदा' याचा अर्थ दरवर्षी १ टक्का शक्यता. पुढच्या वर्षी पुन्हा १ टक्का. ३० वर्षं एकाच घरात काढली तर त्या काळात तसा पूर एकदा तरी दिसण्याची शक्यता जवळजवळ २६ टक्के. आणि हा हिशेब जुन्या नोंदींवरचा आहे. हवा १ अंशाने तापली की साधारण ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते, त्यामुळे जुन्या नोंदी आता थोड्या भाबड्याच ठरतात.

पायरीवाला | गुरुवार, सकाळी ७:००

६ उघड्या. रात्रभर ओतलाय. माळ्यावर कागदपत्रं, गाद्या, धान्याचे डबे चढवले. आई म्हणते, 'एवढं कशाला, पाणी कधी आठव्या पायरीच्या वर आलेलं नाही.' आठवी केव्हाच बुडाली. ते तिला सांगितलं तर म्हणाली, 'तू वरून मोजतोयस.'

वरच्या_अंगाला | गुरुवार, दुपारी ४:२०

दुपारी तीनपासून विसर्ग ३८ हजार क्युसेक. भोंगा वाजवला. हे पाणी पायरीवाल्यांकडे पोचायला आठ-नऊ तास धरा, काकांकडे आणखी दोन-तीन तास.

पायरीवाला | गुरुवार, रात्री ९:००

४ उघड्या.

खवचट_काका | गुरुवार, रात्री ९:४८

थांबला! चांदण्या दिसताहेत. मंडळी, संपलं तुमचं संमेलन. दिवसभर घाबरवलंत. मी गच्चीवरून खाली येऊन आता झोपतो.

वरच्या_अंगाला | गुरुवार, रात्री ९:५५

काका, झोपू नका. इथेही थांबलाय, पण पाणी निघालेलं आहे, पोचलेलं नाही. तुमच्या चांदण्यांशी त्याचा काही संबंध नाही.

हवामानखुळा | गुरुवार, रात्री १०:१२

हे मी मुद्दाम लांब लिहितोय, सगळ्यांनी वाचा.

स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाला २९ ऑक्टोबर २०२४ रोजी डोंगराकडच्या तुरिस गावात एका दिवसात ७७० मिमीहून जास्त पाऊस झाला. खालच्या पायपोर्तात त्या संध्याकाळी पाऊस जवळपास नव्हताच. लोक रोजच्यासारखे रस्त्यावर होते. आणि कोरड्या ओढ्यातून पाण्याची भिंत आली. तिथल्या हवामान संस्थेने लाल इशारा सकाळीच दिला होता. फोनवर धोक्याचा संदेश गेला रात्री ८ वाजून गेल्यावर, तोवर कित्येकांच्या गळ्याशी पाणी होतं. त्या आपत्तीत २२० हून जास्त माणसं गेली. त्यातले बरेच जण गाडी वाचवायला तळघरातल्या पार्किंगमध्ये उतरले होते.

काका, तुमची गाडी कुठे असते?

खवचट_काका | गुरुवार, रात्री १०:२०

तळघरात. पण आमच्याकडे नदी नाही, फक्त नाला आहे, तोही इमारतीच्या मागे.

हवामानखुळा | गुरुवार, रात्री १०:२६

तो नाला जातो कुठे? नदीत ना? नदी नाल्याच्या तोंडापेक्षा वर चढली की नाला ओतणार कुठे? मग नदीच नाल्यातून उलटी तुमच्याकडे येते. पाऊस नसताना रस्त्यावरच्या झाकणांतून पाणी वर येतं ते असंच. गाडी आत्ता, या क्षणी वर काढा. अर्ध्या तासानंतर नाही.

खवचट_काका | गुरुवार, रात्री १०:३१

बघतो. सौ. म्हणतेय सकाळी.

पायरीवाला | शुक्रवार, रात्री १२:४०

२ उघड्या. आवाज बदललाय. आधी खळखळ होती, आता काही नाही, एक जड घरघर आहे. टॉर्च मारला तर मधोमध अख्खं झाड उभं तरंगत गेलं, मुळं वर. वारा सुटलाय.

सदा_जागी | शुक्रवार, रात्री १२:४३

मी जागी आहे. दर अर्ध्या तासाने एक शब्द तरी टाका. आणि मेन?

पायरीवाला | शुक्रवार, रात्री १२:४५

मेन आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद. फोन ७१ टक्के. आई हलायला तयार नाही.

खवचट_काका | शुक्रवार, रात्री २:०८

तळघराच्या उतारावर पाणी दिसतंय. आत घोट्याएवढं असेल. दोन मिनिटांचं काम आहे, गाडी काढून येतो.

हवामानखुळा | शुक्रवार, रात्री २:०९

नाही! काका, उतरू नका. वाहतं पाणी १५ सेंटिमीटर असलं तरी धडधाकट माणसाचे पाय सुटतात, ३० सेंटिमीटरला छोटी गाडी तरंगायला लागते. तळघरात तर तेही बघायला मिळत नाही. पाणी उतारावरून येतं, म्हणजे तुमच्या बाहेर पडायच्या वाटेनेच येतं. जिन्याच्या दारामागे अर्धा मीटर पाणी साचलं की मीटरभर रुंद दारावर सव्वाशे किलो वजनाइतका रेटा येतो. तुम्हाला ते दार उघडणार नाही, मलाही नाही.

फेजन्यूट्रल | शुक्रवार, रात्री २:१०

आणि तळघरातच मीटरच्या पेट्या असतात. उतरू नका.

सदा_जागी | शुक्रवार, रात्री २:१९

काका?

सदा_जागी | शुक्रवार, रात्री २:२७

काका, काहीही लिहा. शिवी लिहा.

खवचट_काका | शुक्रवार, रात्री २:३४

जिन्यात बसलोय, पहिल्या मजल्यावर. गेलो नाही. वॉचमनला हाका मारून वर घेतलं, तो खालीच झोपायचा. खाली गाड्या एकमेकींवर आपटल्याचे आवाज येताहेत. हॉर्न आपोआप वाजायला लागला एकीचा, मग बंद झाला. माझीच असावी.

पायरीवाला | शुक्रवार, पहाटे ३:२०

पायऱ्या संपल्या. पाणी परसात आहे.

आई निघाली. तिच्याशी वाद घालणं सोडून दिलं. तिची औषधांची पिशवी, चष्मा आणि उशी उचलली आणि शेजारच्या वहिनींच्या वरच्या मजल्यावर नेऊन ठेवली. पाच मिनिटांनी काठी टेकत आपणहून आली, 'माझा चष्मा कुठे नेलास' विचारत.

पायरीवाला | शुक्रवार, सकाळी ७:३०

वरून दिसतंय. घरात वीतभर पाणी असेल. तासभर झाला, रेघ तिथेच आहे. वहिनींच्या जिन्यावर खडूने खुणा करून ठेवल्यात, शेवटच्या दोन खुणा एकाच जागी आल्या.

वरच्या_अंगाला | शुक्रवार, सकाळी ७:४१

म्हणजे माथा आला. इथे पाऊस थांबून दहा तास होत आले. विसर्ग पहाटे कमी केलाय. दुपारपासून उतरेल.

चिखलपरी | शनिवार, सकाळी १०:००

आमच्याकडे पाण्याने सोडलं तर वाऱ्याने धरलं. समोरचा गुलमोहर मुळासकट आडवा, फांदी एक मोडली नाही. ताशी ६० ला एवढं मोठं झाड पडतं का?

हवामानखुळा | शनिवार, सकाळी १०:३०

ताशी ६० ही सरासरी, झाड पाडतो झोत. काल झोत ९० च्या घरात होते. वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग ४० चा ८० झाला की रेटा दुप्पट नाही, चौपट. आणि चार दिवस भिजून जमिनीचा लगदा झालेला, मुळांनी धरायचं कशाला? म्हणून फांद्या शाबूत आणि झाड आडवं. पावसाआधी हाच वारा आला असता तर बहुतेक फांद्यांवर निभावलं असतं.

अवांतर: वारा मोजायची ब्यूफोर्टची श्रेणी १८०५ ची. त्या आरमारी गृहस्थाने वेग मोजलाच नव्हता, जहाजाने कोणती शिडं ठेवावीत यावरून वाऱ्याला आकडे दिले होते. आपल्या पायरीवाल्यांच्याच जातकुळीचा माणूस.

फेजन्यूट्रल | शनिवार, सकाळी ११:१०

झाडाखाली तार असेल तर ती मेलेली समजू नका. लांबूनच कळवा.

पायरीवाला | रविवार, दुपारी १२:२०

५ उघड्या. घरात उतरलो. पाणी गेलं पण चिखल राहिला, सायीसारखा गुळगुळीत, कपाटाच्या खणांतसुद्धा अगदी समतल. खण उघडत नाहीत, लाकूड फुगलंय. चिखल ओला आहे तोवरच काढा, हे वहिनींनी सांगितलं म्हणून वाचलो. एका खोलीत वाळला तर खरवडावा लागतोय.

सदा_जागी | रविवार, दुपारी १२:४५

गमबूट आणि हातमोजे घालूनच. पायाला साधा ओरखडा असला तरी उघडा ठेवू नका, लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाचे) जंतू तिथून शिरतात. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना 'पुराच्या पाण्यात होतो' हे आधी सांगा. आणि पाणी उकळूनच, टाकी धुतल्याशिवाय नाही.

फेजन्यूट्रल | रविवार, दुपारी १:०५

वीज जोडायची घाई नको. बोर्ड उघडून, पुसून, वाळवून, मेगरने (तारांचं इन्सुलेशन तपासायच्या यंत्राने) तपासून मगच. फ्रिज 'वरून कोरडा दिसतो' म्हणून लावला की कॉम्प्रेसर गेला.

खवचट_काका | रविवार, संध्याकाळी ५:३०

आज पंप लावून तळघर उपसलं. माझी गाडी भिंतीला टेकून तिरकी उभी होती, डॅशबोर्डवर चिखल. सोसायटीतल्या दोघांनी 'चालू होते का बघू' म्हणून आपापल्या गाडीला चावी मारली. माझा भाचा गॅरेजवाला, तो फोनवर ओरडला, 'मामा, हात लावायचा नाही!' सिलिंडरमध्ये पाणी असताना स्टार्टर मारला की पिस्टनला पाणी दाबता येत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. आणि साध्या पॉलिसीत ते नुकसान बरेचदा बसत नाही, पाण्याने झालेलं बसतं. उद्या सर्व्हेअर येतोय. पहिला प्रश्न हाच असणार म्हणे, इंजिन चालू केलं होतं का. चावी सौ.च्या कपाटात आहे. मलाही मिळत नाहीये.

हवामानखुळ्या, आमच्या मागच्या नाल्याच्या भिंतीवर पट्टी रंगवायची आहे, दर १० सेंटिमीटरला रेघ. शून्य कुठे धरू, तळाला की रस्त्याच्या पातळीला?

हवामानखुळा | रविवार, संध्याकाळी ६:०२

तळाला नको, गाळ साचला की तळ वर येतो. रस्त्याच्या कडेला शून्य धरा आणि खाली मोजा. तेलरंग वापरा. आणि वॉचमनला रात्री टॉर्चच्या उजेडात वाचता येतील एवढे मोठे आकडे काढा.